चित्रातला जाळ आणि चेहऱ्यावरचा उजेड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवर आग लावायला काडेपेटी लागत नाही. श्रुतिकेच्या ध्वनिमुद्रणात मायक्रोफोनजवळ सेलोफेनचा कागद हलक्या हाताने चुरगाळतात आणि ऐकणाऱ्याच्या घरात लाकडे तडतडू लागतात. बाकीचे काम ऐकणाऱ्याचे मन करते. चित्रातल्या आगीला ही सवलत नाही. डोळा कानाइतका भाबडा नसतो. त्याने लहानपणापासून चूल पाहिलेली असते, दिवा पाहिलेला असतो, शेतातला पाचट पेटवलेला फड पाहिलेला असतो. त्याला खोटा जाळ दाखवला की तो मान हलवतो. काय चुकले हे त्याला सांगता येत नाही, पण चुकले एवढे नक्की कळते.

चित्रात खरा वाटणारा जाळ आणण्यासाठी माणसाने शंभर-सव्वाशे वर्षांत काय काय केले, त्याची गोष्ट आज सांगायची आहे. ती दादासाहेब फाळक्यांच्या लंकेपासून सुरू होते आणि आमच्या पाथर्डीच्या चौकातल्या फ्लेक्सपर्यंत येते. वाटेत मुंबई, लोणावळा, पुणे आणि अमेरिकाही लागते.

आधी अडचण समजून घेऊ. झाड, दगड, माणूस या वस्तू आहेत. त्यांच्यावर उजेड पडतो आणि त्या दिसतात. ज्वाला ही तशी वस्तू नव्हे, ती स्वतःच उजेड आहे. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६० च्या नाताळात लंडनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्याने दिली, ती पुढे पुस्तकरूपाने जगभर वाचली गेली. ज्योतीचा पिवळा प्रकाश हा तापून लाल-पिवळ्या झालेल्या काजळीच्या बारीक कणांचा असतो, हे त्याने दाखवले. आणखी एक नवल त्याने दाखवले. प्रखर विजेच्या प्रकाशात ज्योत धरली तर भिंतीवर तिचीही सावली पडते, आणि ज्योतीचा जो भाग सर्वांत तेजस्वी, त्याचीच सावली सर्वांत गडद असते. कारण काजळी तिथेच जास्त. कवितेत ही कल्पना मांडली असती तर लोकांनी अतिशयोक्ती म्हटले असते. फॅरेडेने ती भिंतीवर दाखवली.

आता असा उजेड कागदावर कसा आणायचा? आपल्याकडे घराघरांत देवादिकांची रंगीत चित्रे पोहोचली ती राजा रविवर्म्याच्या छापखान्यामुळे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे शिळेवरून छपाई होई. एका चित्रासाठी अनेक शिळा आणि प्रत्येक शिळेवर एक रंग. पिवळा छापून वाळला की त्यावर तांबडा, त्यावर निळा, असे थर चढवत चित्र पुरे व्हायचे. या पद्धतीत समईची ज्योत कशी उजळायची? जगात कोणतीही शाई उजेड देत नाही. म्हणून कारागीर ज्योतीच्या गाभ्याची जागा कोरी सोडत. कागदाचा पांढरेपणा हाच तिथला प्रकाश. भोवती पिवळा, मग नारिंगी, मग काळोख. न छापलेली जागा सर्वांत जास्त पेटलेली दिसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

या छापखान्याशी ज्यांचा कामाचा संबंध आला, त्यांत एक होते धुंडिराज गोविंद फाळके. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण झालेले. छायाचित्रण, तीनरंगी ठसे, शिळाछाप, नेपथ्य, जादूचे प्रयोग, सगळ्यांत हात. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला, पण तिथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेले आणि त्यांना गाव सोडावे लागले. जादूगार म्हणून ते ‘प्रोफेसर केल्फा’ हे नाव लावत. फाळके हे आडनाव उलटे वाचा, म्हणजे उलगडा होईल. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन चित्रपटाचे तंत्र पाहून आले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

१९१७ मध्ये त्यांनी ‘लंकादहन’ केला. अण्णा साळुंके यांनी यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पण लोक लोटले ते मारुती आणि जळती लंका पाहायला. मद्रासला तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने, पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली असे सांगतात. कीर्तनात आणि सोंगांच्या खेळात लंका पिढ्यान् पिढ्या जळत आली होती. आता ती डोळ्यांसमोर जळू लागली.

त्या काळी पडद्यावर आग पेटवणे किती कठीण होते, याची आज कल्पना येत नाही. पहिली अडचण फिल्मची. तेव्हाच्या फिल्मला निळा रंग चांगला कळे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणजे जो जाळ आपल्याला लालभडक दिसतो, तो फिल्मवर मलूल उमटायचा. दुसरी अडचण आकाराची. लंका काही खरी जाळता येत नाही, लहान प्रतिकृती जाळावी लागते. पण आग लहान केली म्हणून मोठ्या आगीसारखी वागत नाही. मोठा वणवा जड चालीने हेलकावतो, लहानसा जाळ चुळबुळतो. बोटभर महालाला लागलेली आग बोटभरच दिसते. त्यावर उपाय कॅमेऱ्याच्या हँडलात होता. कॅमेरा हाताने फिरवायचा असे. हँडल भरभर फिरवून चित्रे घेतली आणि पडद्यावर नेहमीच्या गतीने दाखवली, की जाळ संथ होतो आणि संथ झाला की मोठा वाटतो.

तिसरी युक्ती दुहेरी छायाचित्रणाची. काळ्या मखमलीच्या पडद्यापुढे फक्त जाळ टिपायचा. काळ्या भागात फिल्मवर काहीच उमटत नाही, ती जागा जणू कोरीच राहते. मग फिल्म मागे गुंडाळून त्याच पट्टीवर पात्राचे चित्र घ्यायचे. दोन्ही एकत्र आले की माणूस ज्वाळांत उभा दिसतो. शेवटी जाळाच्या प्रसंगाची पट्टी तांबड्या रंगात बुडवून काढायची आणि रात्रीची निळ्या. अशी रंगवण्याची रीत मूकपटांच्या काळात जगभर होती. जाळ दाखवायचा तर आधी काळोख करावा लागतो, हे त्या पिढीचे पहिले सूत्र होते.

फाळक्यांनी आपली विद्या झाकून ठेवली नाही. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक छोटा पट त्यांनी काढला आणि ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ मध्ये भारतीय चित्रपटावर लेखही लिहिले. जादूगार आपली युक्ती सांगत नाही, असा धंद्याचा दंडक आहे. ‘प्रोफेसर केल्फा’ने तो मोडला. प्रेक्षकाला युक्ती कळली तरी त्याचा आनंद कमी होत नाही, उलट त्याची नजर तयार होते, यावर त्यांचा भरवसा असावा.

या आगीच्या नशिबात मात्र एक क्रूर योगायोग होता. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. हा पदार्थ एकदा पेटला की स्वतःच प्राणवायू पुरवतो, पाण्याखालीसुद्धा जळत राहतो. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आणि आताच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात अशा रिळांच्या साठ्याला आग लागली आणि शेकडो जुन्या चित्रपटांची रिळे खाक झाली. काहींच्या प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या, म्हणून ते वाचले. ‘लंकादहन’चेही आज थोडे तुकडेच उरले आहेत. खोटी आग दाखवणारी फिल्म खऱ्या आगीला किती सहज बळी पडते, हे पुण्याने पाहिले.

तालुक्याच्या गावी ही सगळी विद्या उशिरा आणि वेगळ्या वाटेने आली. इथे आधी पेंटर होते. यात्रेचा फलक असो, निवडणुकीची भिंत असो की ट्रकची पाठ, हातात ब्रश घेऊन ते मशाल काढत. पिवळा, नारिंगी, तांबडा असे तीन फटकारे आणि कडेला काळी रेघ. ती ज्वाला खरी वाटत नसे, आणि तसा तिचा दावाही नसे. ती ज्वालेची खूण होती. फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग झाकणारे कारागीर असत, काळ्या-पांढऱ्या फोटोला हाताने गालांची लाली देणारेही असत. पण फोटोत जाळ घालण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नसे.

तिकडे अमेरिकेत मात्र आग संगणकात शिरली होती. १९८२ मध्ये ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या दुसऱ्या चित्रपटासाठी लुकासफिल्म कंपनीतल्या मंडळींनी एका ओसाड ग्रहावर धावत जाणारी आगीची भिंत तयार केली. विल्यम रीव्हज यांची त्यामागची कल्पना साधी होती. ज्वालेचा आकार काढायचाच नाही. हजारो ठिणग्या सोडायच्या. प्रत्येक ठिणगीला जन्म द्यायचा, वेग द्यायचा, रंग द्यायचा, ठरावीक आयुष्य द्यायचे आणि ते सरले की तिला विझवायचे. सगळ्या मिळून आग होते. १९८३ मध्ये त्यांनी हे तंत्र शोधनिबंधात मांडले. एकेक ठिणगी म्हणजे काहीच नाही आणि सगळ्यांचा मेळ म्हणजे वणवा. गर्दीचेही असेच असते.

१९८५ मध्ये केन पर्लिन यांनी दुसरी किल्ली दिली. संगणकाची चित्रे फार गुळगुळीत, फार नेटकी दिसतात, याचा त्यांना कंटाळा आला होता. निसर्गात बेशिस्त असते, पण त्या बेशिस्तीलाही एक लय असते. ढग, धूर, संगमरवर, जाळ यांत ती दिसते. अशी लय असलेला अनियमितपणा गणिताने कसा घडवायचा, हे त्यांनी दाखवले. १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

याच सुमारास, १९८७ मध्ये, मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नॉल या तरुणाने आपल्या संगणकावर चित्रे दाखवणारा एक प्रोग्राम लिहिला. त्याचा भाऊ जॉन हा चित्रपटांतली चमत्कारदृश्ये करणाऱ्या कंपनीत कामाला होता. दोघा भावांनी मिळून तो प्रोग्राम वाढवला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने तो ‘फोटोशॉप’ या नावाने बाजारात आणला. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लेअर’ आले. लेअर म्हणजे थर. एक चित्र अनेक पारदर्शक थरांत ठेवायचे आणि प्रत्येक थर वेगळा हलवायचा. मळवलीच्या शिळाच जणू काचेच्या होऊन पडद्यावर आल्या.

डीटीपीची दुकाने आली, मग डिजिटल कॅमेरे आले, लग्नाचे करिझ्मा अल्बम आले, आणि दोन हजार सालानंतरच्या दशकात फ्लेक्स छपाई आली. पेंटरचा ब्रश सुकला. काही पेंटर माऊस धरायला शिकले, बाकीचे घरांना रंग देऊ लागले. त्यांचे काय झाले याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. फ्लेक्समुळे पाथर्डीच्या चौकात वर्षभर आग पेटलेली असते. नवरात्रात मोहटादेवीच्या फलकांवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांत, कुस्तीच्या जाहिरातीत, कबड्डीच्या संघामागे, सगळीकडे ज्वाळा. तरुण मुलगा हाताची घडी घालून उभा आणि त्याच्या खांद्यामागे लंका पेटलेली.

हा जाळ घालतात कसा? आमच्या भागातल्या एका स्टुडिओत मी पुष्कळदा बसतो. तिथला तरुण डिझायनर मला एकदा म्हणाला, “चाचा, जाळ टाकायला दोन मिनिटं लागतात. तो पेटलाय असं वाटायला अर्धा तास.” मग त्याने तो अर्धा तास मला दाखवला.

काळ्या पार्श्वभूमीवर काढलेला खऱ्या जाळाचा फोटो त्याने माणसाच्या फोटोवर वेगळ्या थरात ठेवला. त्या थराला त्याने ‘स्क्रीन’ नावाची पद्धत लावली आणि क्षणात काळा भाग नाहीसा झाला, उरला फक्त जाळ. एकाच भिंतीवर दोन प्रोजेक्टरचे झोत टाकले तर काळा भाग काहीच भर घालत नाही, उजळ भाग तेवढा मिळतो. हे गणित तेच आहे. म्हणजे फाळक्यांच्या काळातली काळी मखमल आता एका बटणात आहे. नंतर त्याने ज्वाळांची टोके वाकवून खांद्याच्या वळणाला जुळवली, नको त्या कडा मऊ ब्रशने पुसल्या, गाभा पांढरट पिवळा आणि कडा तांबूस केल्या. जाळावरची तापलेली हवा थरथरते, म्हणून मागची भिंत किंचित डहुळली. मागचे आकाश काळवंडले, कारण भर दुपारच्या उजेडात जाळ फिका दिसतो. आणि पांढऱ्या भागात त्याने शाई ठेवलीच नाही. पडद्यावरचा उजेड छपाईत विझतो, म्हणून ज्वालेच्या गाभ्यात कोरा फ्लेक्सच राहू द्यायचा. शिळाछापाच्या कारागिराची हीच रीत होती, आणि या मुलाने ती स्वतःच्या अनुभवातून शोधली होती.

तरीही जाळ चिकटवल्यासारखाच दिसत होता. मग त्याने शेवटचे काम केले. एक नवा थर घेतला आणि मोठ्या, मऊ ब्रशने नारिंगी उजेड त्या माणसाच्या गालावर, कानाच्या पाळीवर, शर्टाच्या कडेवर लावला. जाळाकडच्या बाजूला जास्त, पलीकडे काहीच नाही. पायाशी सावली उलट दिशेला टाकली. आणि जाळ पेटला. ज्वालेला त्याने हातही लावला नव्हता. त्याने फक्त आजूबाजूचे बदलले होते.

मला वाटते, या सगळ्या इतिहासाचे सार इथे आहे. ज्वाला खरी ठरते ती स्वतःच्या आकाराने नव्हे, तर शेजारच्या वस्तूंवर पडलेल्या तिच्या उजेडाने. हे कळायला पाथर्डीत संगणकाची गरज नाही. मढीला होळीपासून पाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा चालते. त्या होळीभोवतीचे चेहरे पाहा. मोहरमच्या अलाव्याभोवतीचे पाहा. दिवाळीच्या आगेमागे आमच्या तालुक्यातली हजारो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या अड्ड्यावर पहाटे तीन दगडांच्या चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या बाईचा चेहरा पाहा. जाळ चुलीत असतो, पण तो कळतो तिच्या कपाळावर. कष्टही तिथेच कळतात.

हे सांगण्याचे कारण निव्वळ कलेचे नाही. गेल्या काही वर्षांत चित्रातली आग चौकटीबाहेर येऊ लागली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, पाच माणसांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसे होती. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. अशाच माणसांचे पाल तिथल्या यात्रेत पडतात. त्या दिवसांत मुले पळवल्याच्या अफवा मोबाईलवरून देशभर फिरत होत्या आणि त्यांच्याबरोबर काही चित्रफितीही. त्यांतली एक कराचीत बालसुरक्षेच्या जागृतीसाठी केलेली होती. मोटारसायकलवरची माणसे मूल उचलतात आणि शेवटी ते परत आणून देतात, असा तिचा आशय. कोणीतरी तो शेवट कापला. चित्रात काही घातले नाही, आजूबाजूचे तेवढे काढून टाकले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण यंत्राची मर्यादा माणसाच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही.

डिझायनरचा तो अर्धा तासही आता लागत नाही. दोन ओळी लिहून दिल्या की संगणक जळते घर, पळती माणसे आणि त्यांच्या गालांवरचा नारिंगी उजेडसुद्धा काढून देतो. म्हणजे उजेडावरून खोटे ओळखण्याची आपली जुनी कसोटी आता पुरेशी राहिलेली नाही. ती टाकून मात्र देऊ नका, वाढवा. आजूबाजूला पाहायचे म्हणजे आता चौकटीच्या बाहेर पाहायचे. हे चित्र कुठल्या गावचे, कोणत्या दिवसाचे, कोणी काढले, याच्या आधी काय होते आणि नंतर काय झाले? ज्या आगीचा उजेड एकाही ओळखीच्या भिंतीवर पडलेला नाही, जिची आच एकाही नाव असलेल्या माणसाला लागलेली नाही, ती पुढे पाठवण्याआधी थांबायला हवे.

फाळक्यांच्या लंकेत प्रेक्षक टाळ्या वाजवत होते, कारण हा खेळ आहे हे त्यांना ठाऊक होते. खेळवणाऱ्याने स्वतःच ते सांगितले होते. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवरचा जाळही कोणाचे घर जाळत नाही, कारण तो जाळ आहे असा कोणी दावा करत नाही. युक्तीत पाप नाही, ती लपवून तिला बातमी म्हणण्यात आहे. म्हणून मुलांना फोटोशॉप शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. जाळ कसा घालायचा हे जरूर शिकवा, आणि त्याच तासाला घातलेला जाळ कसा ओळखायचा हेही शिकवा. दोन्हीला लागणारी नजर एकच आहे.

सेलोफेनच्या कागदाची आग विझवायला हात थांबवला की पुरे. राईनपाड्यासारखी आग विझवायलाही सुरुवातीला तेवढेच पुरले असते. कोणीतरी हात थांबवायला हवा होता.